माझ्या तोंडावर लावलेली तिवरं

मित्रांनो, मी जुनी आहे, सागवानाची आहे आणि सध्या भयंकर रागात आहे. गोड गोष्टीच्या आशेने बसला असाल तर आत्ताच उठा.

मी उघाडी. उरणच्या खाडीला खेटून मातीचा एक लांब बांध आहे. त्याच्या पोटात दगडी मोरी आहे आणि मोरीच्या खाडीकडच्या तोंडावर मी टांगलेली आहे. एक जाड झडप आणि वर दोन लोखंडी कड्या, एवढाच माझा संसार. भरतीचं पाणी मला बाहेरून दाबतं, मी मोरीवर घट्ट बसते आणि खारं पाणी भातशेतीत शिरत नाही. ओहोटी लागली की शेतात साचलेलं पावसाचं पाणी मला आतून ढकलतं, मी बाहेरच्या अंगाला उघडते आणि ते खाडीत निघून जातं. मला वीज लागत नाही, राखणदार लागत नाही. समोर तेवढी मोकळी जागा लागते. तुमच्या घराच्या दारासमोर कोणी मातीचा ढीग ओतला तर ते तरी उघडेल का?

मला बुधाजी नावाच्या शेतकऱ्याने घडवलं. मोडीत निघालेल्या एका मचव्याच्या फळ्या त्याने तासल्या, जोडल्या आणि मला मोरीवर चढवलं. पहिली भरती येऊन जाईपर्यंत तो बांधावर बसून होता. आत थेंबही आला नाही तेव्हा माझ्यावर थाप मारून म्हणाला, "बसली गो बाय, बरोबर बसली!" तसं कौतुक नंतर कोणी केलं नाही. रोज नीट चालणाऱ्या वस्तूकडे कोण बघतं?

खाडी मात्र दर भरतीला माझ्यासमोर गाळ आणून टाकते. म्हणून गावाची एक रीत होती. पावसाच्या आधी, मे महिन्यात, ठरलेल्या दिवशी प्रत्येक घरातून एक माणूस फावडं घेऊन यायचा आणि सगळे मिळून माझ्यासमोरचा गाळ उपसायचे. याला जोळ म्हणतात. मजुरी कोणालाच नाही. जो यायचा नाही त्याची वर्षभर इतकी थट्टा व्हायची, की पुढच्या जोळाला स्वारी सगळ्यांच्या आधी हजर. बुधाजी गेला, निम्मं गाव ट्रेलर चालवायला लागलं, तरी जोळ सुटला नव्हता. बुधाजीची सून कमळ सगळ्यांना हाका मारून गोळा करायची.

मग आली नीलतट लॉजिस्टिक्स. खाडीकाठच्या दलदलीत, खाजणात, भराव घालून तिने कंटेनरचं यार्ड उभं केलं. तिथली तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, भरावाखाली गेली ती गेलीच. आता त्याच कंपनीला निसर्गावर प्रेम करायचं होतं. गेल्या मे महिन्यात कमळच्या दिराचा मुलगा परेश, जो तिथेच नोकरीला होता, गावात निरोप घेऊन आला: कंपनी तिवराची रोपं लावणार आहे, सगळ्यांनी यायचं, टी-शर्ट मिळेल, टोपी मिळेल, बिर्याणी मिळेल. दिवस कोणता? तर जोळाचा. आयती माणसं जमतात ना!

"कुठं लावनार रोपं?" कमळने विचारलं.

"उघाडीसमोर, काकी. गाडी तितपर्यंतच जाते. सायब लोक चिखलातून कुठं चालत जानार?"

सगळे हसले. मित्रांनो, मला खरी चीड येते ती या हसण्याची. माझ्या तोंडासमोर काही लावायचं नसतं हे गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. परेशला ठाऊक होतं, कमळला ठाऊक होतं. पण एकाच्याही तोंडून नकार निघाला नाही. निघणार कसा, तोंडात बिर्याणी होती! फावडी घरी राहिली. ज्या हातांनी गाळ उपसायचा, त्याच हातांनी माझ्यासमोरच्या गाळात रोपं खोचली, बांबू ठोकले, नायलॉनची जाळी बांधली. कमळही हिरवा टी-शर्ट घालून त्यांच्यात होती. वर कंपनीने मलाही हिरवा रंग फासला आणि छातीवर आपलं बोधचिन्ह चिकटवलं.

माझं तिवरांशी वैर नाही. ती लाटा अंगावर घेतात म्हणून तर बांध टिकतो. त्यांच्यासाठी बांधाच्या कडेने लांबवर जागा पडली होती. पण तिथे गाडी जात नव्हती.

जूनमध्ये मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलात कंपनीला 'नीतिमान व निसर्गस्नेही उद्योग' म्हणून मानचिन्ह मिळालं. व्यासपीठामागच्या पडद्यावर म्हणे माझाच फोटो होता. मला बोलावणं नव्हतं. तोवर बांबू आणि जाळीत गाळ अडकून माझ्यासमोर चांगला उंबरठा तयार झाला होता.

जुलैत भाताची लावणी झाली आणि पावसाने मुक्काम ठोकला. ओहोटी लागली, आतून पाणी मला ढकलू लागलं, मीही जीव खाऊन रेटा दिला. वीतभर उघडले आणि गाळात रुतले. पुढच्या ओहोटीला तेच. आत भाताची कोवळी रोपं पाण्याखाली गेली. अजून एकदोन दिवस गेले असते तर सगळं कुजून गेलं असतं.

कमळ धावत आली. नेमके त्याच दिवशी कंपनीचे पाहुणे बक्षीसपात्र रोपं बघायला आले होते. परेश त्यांच्या डोक्यावर छत्री धरून उभा.

"परेश, ही रोपं काढायला लाव. उघाडी उघडत नाय. भात कुजंल सगलं."

"काकी, आता नको. पावने हायेत. सोमवारी बोलतो मी सायबांशी."

"सोमवारी मंग काय माती खाऊ?"

तिने पदर खोचला आणि उतरली. जाळी फाडली, बांबू उपटले, हातांनी गाळ ओढला. पाहुणे वरून मोबाइलने चित्रीकरण करत होते. छत्री ठेवून एकही जण खाली आला नाही. शेवटी माझी एक बाजू सुटली आणि मी धाडकन उघडले. कोंडलेलं पाणी असं काही धावत सुटलं की कमळ आडवी झाली, पण उठली ती हसतच. भात वाचलं. उपटलेली रोपं तिने बांधाच्या कडेला नेऊन लावली.

आणि कंपनीने काय केलं? तिवरं उपटली म्हणून कमळविरुद्ध तक्रार केली! सोबत चित्रीकरण जोडलं. खाजण भरावाखाली घालणारे फिर्यादी आणि कमळ आरोपी. तेव्हापासून ती कामाचा खाडा करून कोर्टाच्या तारखांना जाते. ज्यांची भातं तिने वाचवली ते म्हणतात, "जरा घाईच केलीन तिनं." लाज वाटत नाही यांना!

दिवाळीनंतर कंपनीच्या सोनल मॅडम बांधावर आल्या. बरोबर परेश, फोटोग्राफर आणि ते मानचिन्ह. कमळला बोलावून घेतलं.

"मावशी, गैरसमज झाला होता," मॅडम गोड आवाजात म्हणाल्या. "तुम्ही हे हातात धरा, आपण उघाडीसमोर एक फोटो काढू. तक्रारीचं काय करायचं ते आम्ही बघतो."

खरं सांगते, घे म्हणावं असं मला वाटलं. मी लाकूड आहे, मला तारखेला जावं लागत नाही. एका फोटोने तिच्यामागचा ससेमिरा सुटणार होता. कमळने मानचिन्ह हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं.

"काढू फोटो," ती म्हणाली. "पन हितं वर नाय. खाली चला. अर्धा चिखल अजून उघाडीच्या तोंडावर हाय. एकेक फावडं घ्या, उतरा, मंग काढू."

मॅडमनी आपल्या पांढऱ्या बुटांकडे पाहिलं. "मावशी, त्यासाठी आम्ही माणसं पाठवू."

"मागं पन मानसं आनलीच होती तुमी. ती आमीच होतो."

तिने मानचिन्ह मॅडमच्या हातात दिलं आणि फावडं घेऊन उतरली. परेश बूट काढून तिच्या मागे उतरला. मॅडमनी वरून हाक मारली, "परेश, वर ये. गाडी निघतेय." त्याने मान वर केली नाही. गाडी गेली.

एक माणूस उतरला म्हणून माझा राग गेला, असं समजू नका. परेशची नोकरी गेली. कमळच्या तारखा चालूच आहेत. मानचिन्ह कंपनीच्या काचेच्या कपाटात आहे आणि त्याला कोणी तारखेला बोलावत नाही.

मित्रांनो, चांगल्या कंपन्या नसतातच असं मी म्हणत नाही. असतील, आणि असल्या तर त्यांना माझा नमस्कार. पण एखादी कंपनी निसर्गाची काळजी घेते असं वाचलंत, तर टाळ्या वाजवायच्या आधी ती जिथे काळजी घेते त्या जागी जाऊन बघा. तिथल्या बाईला विचारा, तिचं ऐकून घ्या. आणि माझ्याकडे यायचं असेल तर टी-शर्ट घालून, हात हलवत येऊ नका. मे महिन्यात जोळ आहे. फावडं घेऊन या.