आठ अक्षरं

"बाई, तुमचं मशीन बैलाला वासरू समजाया लागलंय!"

मुरुमच्या चारा डेपोतून ऑपरेटर व्यंकट फोनवर ओरडत होता. ट्रंक लाइनच्या खरखरीत त्याचं अर्धं बोलणं विरून जात होतं. अयोध्यानं दुसऱ्या कानावर हात दाबून धरला.

"म्हणजे काय झालं नीट सांगा."

"बैलाच्या चिठ्ठीवर वासराइतका चारा छापून येतोय. लोकं अंगावर येत्यात माझ्या. म्या काय सांगू त्यास्नी?"

लाइन तुटली. अयोध्यानं उस्मानाबादच्या मोठ्या मशीनवर तीच माहिती घालून पाहिली. चिठ्ठी बरोबर आली. पुन्हा घातली, पुन्हा बरोबर. व्यंकटनंच काहीतरी चुकीचं टाइप केलं असेल, असं तिनं त्या दिवशी मनाला समजावलं.

अयोध्या ओव्हाळ ही मूळची ईट गावची. तिचे वडील मच्छिंद्र शाळेत शिपाई होते. त्यांनी पोटाला चिमटा काढून तिला औरंगाबादला कॉम्प्युटर शिकायला ठेवलं आणि दोन वर्षांमागे ती चारा संघात नोकरीला लागली. संघाकडं दोन मशीनं होती आणि दोघांचं एकमेकांशी पटत नव्हतं. उस्मानाबादला लोखंडी कपाटाएवढं मोठं, तर मुरुमच्या चारा डेपोत टेबलावर बसणारं लहान, तेही कुणीतरी दिलेलं. दोन्हीकडं चालायचा प्रोग्रॅम मात्र एकच. तो पुण्याच्या एका कंपनीनं लिहिला होता आणि लिहिणारा माणूस कधीच परदेशी निघून गेला होता. प्रोग्रॅमचे बरेच तुकडे होते. ते कुठल्या क्रमानं जोडायचे, मोठ्या मशीनला काय द्यायचं, लहान मशीनला त्याच जागी काय वेगळं द्यायचं, हे सगळं सांगणारी एक जुळणी होती. ती जुळणी सांभाळणं हे अयोध्याचं काम.

हे काम घरी सांगायची सोय नव्हती. "काय करतीस गं दिवसभर?" असं आईनं विचारलं, की "दुरुस्ती" एवढंच ती म्हणायची. इथली चूक काढली की तिथं नवी निघायची. तिथली काढावी तर इथलं बसलेलं उठायचं. महिन्याच्या शेवटी सगळं आधी होतं तसंच चालू असायचं, आणि तेवढ्यासाठी तिचा महिना गेलेला असायचा.

त्या उन्हाळ्यात लागोपाठ तिसऱ्या वर्षी पाण्यानं दगा दिला होता. बोरी-बाभळीच्या फांद्यासुद्धा लोकांनी ओरबाडून जनावरांपुढं टाकल्या होत्या. संघ बाहेरून कडबा आणि उसाचे वाढे आणायचा आणि दर पंधरवड्याला चिठ्ठीवर वाटायचा. मोठ्या जनावराला किती आणि लहानाला किती, याचे दोन तक्ते पूर्वी एकाच तुकड्यात होते. मोठं मशीन त्या तुकड्यावर सारखं अडकायचं, म्हणून अयोध्यानं मागच्याच महिन्यात त्याचे दोन तुकडे केले होते. तेव्हापासून मोठं मशीन मुकाट चालत होतं.

दुसऱ्या वाटपालाही व्यंकटचा तसाच फोन आला. ती व्यवस्थापकांकडं गेली. पंचाक्षरी साहेब माणूस वाईट नव्हते, पण कलेक्टर कचेरीतून रोज बोलणी खाऊन थकून गेले होते.

"इथं बरोबर येतंय ना?"

"हो सर. पण मुरुमला..."

"मग झालं तर. ऑपरेटरला सांगा, नीट बघून टाइप कर म्हणावं."

"मला एकदा तिथं जाऊन बघू द्या सर. इथं तसं मशीन नाही. मी इथं बसून काय ओळखणार?"

"आणि इथलं बंद पडलं तर? ओव्हाळ बाई, इथल्या मशीनवर सात तालुके आहेत, तिथल्यावर एक. तुम्हीच सांगा, मी काय करू?"

ती जागेवर परतली. तिनं मुरुमला फोन लावला आणि फ्लॉपीवरच्या तुकड्यांची नावं व्यंकटला एकेक करून वाचायला लावली. इंग्रजी अक्षरं जुळवत तो अडखळत वाचत होता.

"चारावाट..."

"पुढं?"

"पुढं काय न्हाय. एवढंच हाय."

"आणि त्याच्या खालचं? दुसरं चारावाटप?"

"दुसरं कुठलं? एकच हाय की."

अयोध्यानं कागदावर दोन्ही नावं एकाखाली एक लिहिली. एका तुकड्याचं नाव तिनं 'चारावाटपमोठी' ठेवलं होतं, दुसऱ्याचं 'चारावाटपछोटी'. लहान मशीन नावाची पहिली आठच इंग्रजी अक्षरं वाचायचं आणि बाकीची न बोलता टाकून द्यायचं. आठ अक्षरांपर्यंत दोन्ही नावं सारखीच होती. मागून आलेला वासरांचा तक्ता बैलांच्या तक्त्यावर बसला होता. मशीननं कुठं हरकत घेतली नव्हती. दुखणं मोठ्या मशीनचं होतं, औषध तिनं दिलं होतं, आणि उपाशी राहिली होती मुरुमकडची जनावरं.

या खेपेला तिनं साहेबांपुढं "चूक माझी आहे" असं सांगितलं. "जा," ते म्हणाले, "पण हे बाहेर बोलू नका. मशीन चुकतं म्हटल्यावर चिठ्ठीवर कोण विश्वास ठेवील?"

नावं आखूड करून तिनं नवी फ्लॉपी तयार केली आणि सकाळची एसटी धरली. मुरुमला उतरली तेव्हा बाजाराची गर्दी होती. डेपोपुढं बैलजोडी सोडून एक म्हातारा व्यंकटशी बोलत उभा होता. बैलांच्या बरगड्या लांबून दिसत होत्या.

"हे धुळाप्पा," व्यंकट म्हणाला. "सांगा तुमीच ह्यास्नी, बाई."

"मामा, चूक आमच्याकडून झाली," अयोध्या म्हणाली. "मशीनमध्ये माझ्या हातनं घोळ झाला होता. आज नीट करते. पुरा चारा मिळेल."

धुळाप्पानं तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. चूक झाली असं कचेरीतलं माणूस म्हणतंय, हे त्याच्या लवकर ध्यानात येईना.

"आज व्हईल?"

"लाइट आली की लगेच."

"कवा येती लाइट?"

व्यंकटनं आभाळाकडं हात केला. लाइट पहाटेच गेली होती.

ते वाट बघत बसले. आत मशीन काळ्या काचेचं तोंड घेऊन गप्प होतं. अयोध्या फ्लॉपी उन्हानं वाकडी होऊ नये म्हणून ओल्या माठाशेजारी ठेवायची, आणि ओल लागेल म्हणून पुन्हा उचलायची. बाहेर बैल वाळला पाला हुंगून तोंड फिरवत होते. दुपार कलली, तसा बाजारातून एक गुरांचा व्यापारी येऊन लांब उभा राहिला.

"मामा, थोडं थांबा," अयोध्या म्हणाली. "कधीही येईल बघा."

"थांबलो असतो, बाई." धुळाप्पा उठला. "म्या नुसता च्या पिऊन काढतो दिवस. ह्यांला दोन पंधरवडं झालं अर्ध्या पोटावर. उद्या बसलं तर उठायचं न्हाईत. आज चालत तरी जात्याल."

त्यानं कासरा हातात घेतला. बैल त्याच्यामागं मुकाट चालू लागले. अयोध्या दारात उभी राहिली.

लाइट आली तेव्हा बाजार उठला होता. फ्लॉपी सरकन आत गेली, जुळणी न कुरकुरता बसली, आणि पहिलीच चिठ्ठी अगदी बरोबर आली. व्यंकटला आनंद झाला. "जमलं की, बाई!" अयोध्यानं मान हलवली. मुक्काम व्यंकटच्याच घरी झाला. त्याच्या बायकोनं आग्रहानं वाढलं, पण तिनं अर्धी भाकरी परत ठेवली.

सकाळी डेपो उघडतानाच उस्मानाबादचा फोन आला. मोठं मशीन चारावाटपाचा तुकडा सापडत नाही म्हणून थांबलं होतं. नावं तिनं दोन्हीकडं आखूड केली होती, पण मोठ्या मशीनच्या एका तुकड्यात जुनंच नाव राहिलं होतं. "सात तालुके खोळंबलेत," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज चढलासुद्धा नाही. पहिल्या गाडीनं निघते, असं ती म्हणाली.

पिशवी भरत होती तोवर दारात धुळाप्पा आला. हात मोकळे होते. त्याच्या नावची नवी चिठ्ठी छापून तयार होती; व्यंकटनं ती पुढं केली. त्यानं घेतली नाही.

"बैल न्हाईत आता. मशीनातनं काढा आमचं. दुसऱ्याच्या जनावराच्या तोंडचं कशाला आडवावं?"

अयोध्या खुर्चीत बसली. त्याचं नाव पडद्यावर आणलं. मोठी जनावरं, या रकान्यावर येऊन तिचं बोट थांबलं.

"एक ढवळा व्हता," धुळाप्पा म्हणाला, "आन् दुसरा मोरा."

मशीनला फक्त आकडा लागत होता. तिनं शून्य दाबलं.

"झालं?"

"झालं, मामा."

"मग आमच्या वाटणीचं हरणाबाईला मिळंल न्हवं? आमच्या आळीतली हाय. एकटी बाई, एकच गाय हाय तिची."

उरलेला चारा कुणाच्याही नावावर चढवण्याची सोय त्या प्रोग्रॅममध्ये नव्हती. तो संघाच्या खात्यात परत जायचा. तशी सोय करायची तर पुन्हा तुकडा फोडावा लागणार होता, दोन्ही मशीनांवर.

"सध्या तरी नाही मिळायचं, मामा," ती म्हणाली.

धुळाप्पानं तिच्याकडं पाहिलं. "असू द्या," तो हळूच म्हणाला, जणू समजूत तिचीच काढायची होती.

तो बाहेर पडला. आवारात काल ट्रक उतरवताना सांडलेला कडब्याचा पाला मातीत मिसळून गेला होता. तो वाकला आणि एकेक पान उचलून झटकू लागला. मूठ भरली की धोतराच्या सोग्यात टाकत होता. फाटकाशी, चाऱ्यासाठी आलेल्या हरणाबाईची गाय बांधलेली होती. पुरेसा पाला जमला तसा तो तिच्यापुढं जाऊन उकिडवा बसला आणि सोगा पसरून तिच्या तोंडाशी धरला. गाय खाईपर्यंत तो हलला नाही.

रस्त्यावर उस्मानाबादची गाडी हॉर्न देत होती.