पिंपळावरच्या कचेरीचा सहावा भाग

रविवार होता, तरी संजना आठवडाभराचा शीण अंगावर घेऊनच सिन्नरच्या एसटीत बसली.

नाशिकच्या एका सरकारी कचेरीत तिची बावीस वर्षं गेली होती. अर्ज घ्या, शिक्का मारा, उद्या या म्हणा. नवरा गेला त्या वर्षी तर तिने घरीदारी बोलणंच टाकलं होतं. तशात पंचवटीतल्या एका पुस्तकांच्या दुकानात तिला ‘पिंपळावरची कचेरी’ ही विनोदी कादंबरी सापडली. भुतांची तहसील, आणि तिथे दोनशे वर्षं हेलपाटे घालणारा एक मुंजा. का, तर राहता पिंपळ सातबाऱ्यावर आपल्या नावाने लागावा म्हणून. संजना पोट धरधरून हसली. पाच भागांची तिने पारायणं केली. पाचव्याच्या शेवटी वेताळसाहेबांनी सहीसाठी पेनाचं टोपण काढलं, आणि पुढे सहा वर्षं सहाव्या भागाचा पत्ता नाही.

मुंज्याचं काम झालं का, एवढंच तिला कळायला हवं होतं. आयुष्याकडे दुसरं काही मागायचं तिने केव्हाच सोडून दिलं होतं.

दुकानदाराकडून लेखकाचा पत्ता घेऊन तिने तेरा पत्रं टाकली. एकाचंही उत्तर आलं नाही, म्हणून आज ती स्वतःच निघाली होती.

लेखक म्हणजे गोटीराम तात्या, निवृत्त तलाठी. ओट्यावर बसले होते. संजनाने नाव सांगताच धडपडत उठले, तिला खुर्ची दिली आणि स्वतः उभेच राहिले. मग आतून कागदांचा जाडजूड गठ्ठा आणून त्यांनी तिच्या मांडीवर ठेवला. संजनाने तो घाईघाईने उघडला. सहावा भाग, दुसरं काय असणार?

तिने पहिलं पान वाचलं. ‘खुलासा सादर. भाग एक, पान नऊवरील हडळीचा विनोद कोणत्याही शासकीय महिला कर्मचाऱ्यास उद्देशून नाही.’ दुसऱ्या पानावर दुसऱ्या विनोदाचा खुलासा. असे तीनशे कागद, आणि तळाशी टाचणी लावलेली तिचीच पत्रं. तिच्या हाताला सरकारी पत्राशिवाय दुसरं वळणच नव्हतं. वर विषय, खाली संदर्भ, आणि मजकूर: ‘सहावा भाग अद्याप अप्राप्त. विलंबाचे कारण तात्काळ कळवावे.’ स्मरणपत्र क्रमांक एक ते तेरा.

तात्यांना वाटलं, चौकशी लागली. कचेरीची टिंगल केली म्हणून आता पेन्शन जाणार, या धास्तीने त्यांनी लिहीत आणलेला सहावा भाग चुलीत घातला होता. तेव्हापासून ते एकेका विनोदाचा खुलासा लिहीत होते. फक्त पाचव्या भागाचं राहिलंय, तेवढी मुदत द्या, असं ते हात जोडून म्हणाले.

संजनाला रडू आवरेना.

“तात्या, मी सरकारकडून नाही आले. मी तुमची वाचक आहे. नवरा गेल्यावर मला हसवलं ते तुमच्या मुंज्याने.”

तात्या खाली बसले. पत्रं उचलून एकेक पुन्हा वाचत राहिले. पुन्हा लिहाल का, असं तिने भीत भीत विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. खुलासे लिहून लिहून आपल्यालाच कशाचं हसू येईनासं झालंय, म्हणाले.

मग तेरावं पत्र खाली ठेवून त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

“लय पत्रं लिहिलीस, पोरी. त्यात एकदा तरी लिहायचं व्हतं, हसू आलं म्हणून.”