भिंतीवरचे दाजी

आमच्या दाजींनी सिनेमात दहा-बारा वर्षं काम केलं आणि त्यातली बहुतेक सगळी खिळ्याला लटकून काढली. हे मी चेष्टेनं म्हणत नाही. चेष्टा करायची तर माझ्याकडे दुसरा पुष्कळ माल आहे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, बायाक्काचे नवरे आण्णाप्पा. राहायला बेळगावच्या वडगावात, घरात साड्यांचे यंत्रमाग. चेहरा मात्र देवानं फुरसतीत केलेला. रुंद कपाळ, भरघोस मिशा आणि डोळ्यांत उगाचच करुणा. बघणाऱ्याला वाटायचं, केवढा हा विचारी माणूस! मला विचाराल तर दाजी त्या वेळी जेवणाचा विचार करत असायचे.

त्र्याहत्तर साली ते निपाणीला साड्या पोचवायला गेले, तर तिथं एका तंबाखूच्या वखारीत कोल्हापूरच्या कंपनीचं शूटिंग चाललेलं. हिरोच्या मेलेल्या बापाचा फोटो भिंतीवर हवा होता आणि आणलेल्या फोटोवर कुणीतरी चहा सांडलेला. दिग्दर्शक अप्पासाहेबांनी गर्दीत दाजींना बघितलं आणि ओरडले, "सापडला बाप!" संध्याकाळपर्यंत फोटो निघाला, चौकट बसली, चंदनाचा हार चढला.

सिनेमा लागला तेव्हा अख्खी गल्ली बघायला गेली. पडद्यावर दाजी झळकले. त्यांच्यासमोर एक बाई पांढऱ्या कपाळानं ढसाढसा रडत होती. आक्कानं आधी स्वतःचं कुंकू चाचपलं आणि मग टॉकीज दणाणून सोडलं, "अगं ए भवाने, माझा धनी जित्ता हाय! हितं शेंगा खात बसलाय!"

दुसऱ्या दिवशी ती पत्र्याची ट्रंक घेऊन जवळच शहापूरला माझ्या घरी आली. जित्या नवऱ्याच्या फोटोला हार घालायचा म्हणजे बायकोचं कुंकू पुसायचं, असं तिचं म्हणणं. आठवडाभर ती राहिली आणि माझ्या बायकोला भाकऱ्या कशा थापायच्या ते शिकवत राहिली. आठवडा संपला तेव्हा माझी बायको पण माहेरी निघाली होती.

पुढं झालं असं, की तो सिनेमा चालला. अप्पासाहेबांना वाटलं फोटो लकी आहे. मग काय, प्रत्येक सिनेमात दाजी भिंतीवर! कधी पाटील, कधी मास्तर, एकदा तर शहीद सुभेदार. दाजींना कुणी बोलवायचंच नाही. फोटो कंपनीच्या पेटीत कोल्हापूरलाच असायचा. फोटो शूटिंगला, दाजी मागावर. सिनेमा लागला की आक्का ट्रंकेसकट माझ्या दारात.

शेवटी आक्कानं निर्वाणीचं सांगितलं, "भावकू, आता एकदा जरी ह्यांच्या गळ्यात हार पडला, तर मी कायमची तुझ्याकडं." ती बोलते ते करते. मी तसाच वडगावला गेलो आणि दाजींना म्हणालो, "दाजी, एक तर भिंतीवरनं खाली उतरा, न्हाय तर फोटो परत आणा."

दाजींनी मान खाली घातली. "मला बी एकदा बोलायचं हाय रं पडद्यावर. एकच वाक्य. मग हार नको न् सिनेमा नको."

खरं सांगतो, मला वाईट वाटलं. मी स्वतः कोल्हापूरला जाऊन अप्पासाहेबांच्या हातापाया पडलो. ते कंटाळले आणि शेवटी हो म्हणाले. दाजींना काम मिळालं, तेही जिवंत! विधुर म्हाताऱ्याचं. बायकोच्या फोटोसमोर बसून म्हणायचं, "तू होतीस म्हणून घर होतं."

दाजी माग चालू ठेवून पाठांतर करायला लागले. यंत्रमागाच्या खडखडाटात जन्म गेलेला माणूस, हळू बोलणं त्यांना ठाऊकच नाही. निपाणीच्या त्याच वखारीत पहिल्या तालमीला ते असे ओरडले, की कौलांवरची कबुतरं उडाली. अप्पासाहेब म्हणाले, "अहो, बायको मेलीय. बहिरी नव्हती."

हळू बोलणंही जमलं. पण मेलेल्या बायकोचा फोटो कुठंय? एकही बाई स्वतःच्या फोटोला हार घालून घ्यायला तयार होईना. नटी फणकारली, स्वयंपाकीणबाई पातेलं टाकून गेली. अप्पासाहेब वैतागले. "फोटो नसेल तर हा प्रसंगच कापा."

दाजींचा चेहरा उतरला. मग त्यांनी हळूच बंडीच्या खिशात हात घातला आणि जत्रेत काढलेला आक्काचा फोटो बाहेर काढला. नाकात नथ, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि नजर अशी की फोटोग्राफरनं नंतर धंदा सोडला असणार.

मी त्यांचा हात धरला. "दाजी, घर जाईल!"

"जाऊ दे," दाजी म्हणाले, "वाक्य ऱ्हाईल."

घर जाणार म्हणजे कुठं येणार, हे मला ठाऊक होतं. सिनेमा बेळगावात लागायच्या आधीच मी ट्रंकेसाठी कोपरा रिकामा केला.

पहिल्या खेळाला आक्का नवी इरकल नेसून, गल्लीतल्या बायका घेऊन आली. नवरा जिवंत दिसणार होता ना! दाजी पडद्यावर चालत आले तेव्हा तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "बघा, चालत्यात!" दाजी खाटेवर बसले. वर बघितलं. कॅमेरा वर गेला आणि भिंतीवर, हार घातलेली आक्का.

माझ्या शेजारी दाजी खुर्चीतून घसरत घसरत जवळजवळ जमिनीला टेकले. पडद्यावरचे दाजी ओल्या आवाजात म्हणाले, "तू होतीस म्हणून घर होतं."

आक्का उठून उभी राहिली. मी डोळे मिटले.

"तानीबाई," ती शेजारणीला म्हणाली, "बघितलंस काय गं? कपाळावर कुंकू हाय माझ्या! धन्याच्या आधी गेले मी, भरल्या कपाळानं. सोनं झालं गं माझं!"

तानीबाईनं भर टॉकीजमध्ये वाकून तिच्या पायाला हात लावला. मागोमाग सगळ्या बायका. कुणीतरी कुंकवाचा करंडा काढला, कुणी ओटीत शेंगाच घातल्या. मागचे लोक "बसा की खाली!" म्हणून ओरडत होते, पण अहेव मरण आलेल्या बाईला खाली कोण बसवणार?

बाहेर आल्यावर आक्का दाजींच्या समोर उभी राहिली. "त्या फोटोला म्हनलासा. मला कधी म्हनला न्हाईसा. आता म्हना, मी जित्ती हाय तवर."

दाजींनी तोंड उघडलं. मिटलं. सगळी गल्ली बघत होती आणि ते हुबेहूब आपल्या फोटोसारखे उभे. आक्कानं थोडी वाट बघितली. मग त्यांचा पटका सरळ केला आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. चला घरला."

ट्रंक माझ्याकडे आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खात्री करून घ्यायला वडगावला गेलो. दाजींच्या घरात माग चालू होते आणि त्या खडखडाटावरून, गल्लीच्या तोंडापर्यंत, एक घोगरा आवाज ऐकू येत होता, "तू हाईस म्हनून घर हाय!" आणि आतून आक्काचा, तितकाच मोठा, "काय म्हनलासा? परत म्हना!"