जिंकलेला एखादा डाव

मित्रांनो, या, जवळ या. फक्त माझ्या अंगावरच्या डागांकडे टक लावून बघू नका, मला शरम वाटते. मी बुद्धिबळ मंडळाच्या भिंतीवर टांगलेला पत्र्याचा जुना पट आहे. टेबलावर दोघांच्या मध्ये मांडतात तो नव्हे. तो माझा धाकटा भाऊ. मी दाराएवढा रुंद आहे. माझ्या मोहऱ्यांच्या पाठीला लोहचुंबक असतं, त्यामुळे ते माझ्या छातीला चिकटून राहतात आणि शेवटच्या बाकावर बसलेल्यालाही डाव नीट दिसतो.

मला रंगवलं एका पाटीवाल्याने. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, पण बुद्धिबळाशी त्याचा संबंध शून्य. हिरवी आणि पिवळट पांढरी घरं त्याने झकास रंगवली, आणि टांगायची कडी मात्र भलत्याच कडेला ठोकली. खाली उजव्या कोपऱ्यात पांढरं घर हवं, तिथे हिरवं आलं. मंडळाच्या चिटणिसांनी कपाळाला हात लावला. "अहो, हा पट आहे की फरशी?"

पाटीवाला जराही गडबडला नाही. त्याने मला खाली उतरवलं, एका कुशीवर फिरवलं, कडी दुसऱ्या कडेला ठोकली आणि म्हणाला, "घ्या, झाला की नाही पट?" झालो बुवा! त्याची कोपऱ्यातली आडवी सही तेव्हापासून उभी राहिली आहे, एवढंच.

माझे सुरुवातीचे दिवस मोठ्या थाटाचे होते. आमच्याच गावातला एक तरुण जगज्जेतेपदासाठी दूरदेशी खेळायला गेला होता. लहानपणी तो याच खोलीत खेळला होता, म्हणून सगळे त्याला हक्काने "आपले साहेब" म्हणायचे. तिकडे चाल झाली की इकडे फोन वाजायचा. चिटणीस रिसीव्हर कानाला लावून ओरडायचे आणि शिंपीकाका, गळ्यात मापाची टेप तशीच ठेवून, स्टुलावर चढून माझ्यावर मोहरा सरकवायचे. खिडकीबाहेर ही गर्दी! ज्या डावाने साहेब जगज्जेते झाले, तो डाव माझ्या अंगावर होता. शेवटच्या चालीला त्यांनी हत्ती उचलून प्रतिस्पर्ध्याच्या राजासमोर ठेवला, खुशाल मारून घे म्हणून. मारला तरी मात, न मारला तरी मात. माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. एका म्हाताऱ्याने तर माझ्या पत्र्यावरून हात फिरवला. मी किती फुगलो म्हणून सांगू!

तो डाव माझ्यावर एक संध्याकाळ राहिला. दुसऱ्या दिवशी मुलांचा वर्ग होता, म्हणून मोहरे काढून डब्यात टाकले.

पुढे बरीच वर्षं गेली. साहेब मोठे झाले आणि मंडळाकडे फिरकेनासे झाले. इथल्या लोकांना ते जरा लागलं. मग एका सामन्यात साहेबांचं पद गेलं. शेवटच्या डावात, जिंकत आलेले असताना, त्यांनी राजा एक घर बाजूला घेतला आणि समोरच्या घोड्याने एका उडीत राजाला शह देऊन त्यांचा वजीर टिपला. पहिल्या वर्गातल्या पोरालाही दिसेल अशी चूक. त्यानंतर साहेब कधीच खेळले नाहीत.

ती स्थिती माझ्यावर मांडली वकीलसाहेबांनी. आमचे वकील स्वभावाने वाईट नाहीत, पण जिभेला हाड नाही. "ही खरी घोडचूक!" म्हणून त्यांनी टाळी मागितली आणि सगळ्यांनी दिली. मग ती स्थिती काढायचं कुणाच्या मनातच आलं नाही. तोवर सगळ्यांच्या खिशात फोन आले होते, डाव तिथेच बघायचे, माझं काम कुणाला उरलंच नव्हतं. नवीन कुणी आलं की त्याला माझ्यापुढे उभं करायचं आणि विचारायचं, "घोड्याची चाल तुझी. काय खेळशील?" तो बरोबर सांगायचा. "शाब्बास! तू जगज्जेत्याला हरवलंस!" आणि खोलीभर हशा.

खरं सांगू? मलाही ते आवडायचं. त्या स्थितीमुळे का होईना, लोक माझ्याकडे बघत होते. नाहीतर मी एका कोपऱ्यातला पत्रा. या गोष्टीची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

दर रविवारी साहेबांवर वाद रंगायचा. समोरच्या भिंतीवर त्यांचा फोटो होता, बाकावर त्यांचे चाहते बसायचे.

"त्यांच्या काळात स्पर्धा होती कुठे?" वकील म्हणायचे. "आजची पोरं त्यांना चहात बिस्किट बुडवावं तसं बुडवतील."

शिंपीकाका तापायचे. "वकीलसाहेब, प्यादं शेवटपर्यंत न्यायला त्यांच्यासारखं कुणाला जमलंय, सांगा की!"

"नेलं असेल हो. पण लोकांच्या लक्षात काय राहिलं? हे!" आणि वकील माझ्यावर टिचकी मारायचे.

अशाच एका रविवारी वकील नक्कल करत होते. साहेब चाल करण्याआधी चष्मा वर सरकवायचे. वकिलांनी चष्मा सरकवला, राजाला बोट लावलं आणि डोळे फिरवून "अरे देवा!" म्हणाले. सगळे पोट धरून हसत होते. दारात एक वयस्कर बाई कधीची उभी होती, ते माझ्याखेरीज कुणी पाहिलं नव्हतं.

"या काकू," वकील हसता हसता म्हणाले. "नातवाला वर्गात घालायचंय का?"

"नाही. इथे ह्यांचे चाहते जमतात, असं शेजाऱ्यांनी सांगितलं." तिने फोटोकडे बोट केलं. "मी ह्यांची बायको."

मित्रांनो, मी पत्र्याचा आहे, पण त्या क्षणी भिंतीत शिरता आलं असतं तर शिरलो असतो. वकिलांचा हात चष्म्यावरच राहिला. चिटणीस उठले, बसले, पुन्हा उठले. "वहिनी, बसा ना," एवढंच त्यांना सुचलं.

ती बसली नाही. माझ्याकडे बघत म्हणाली, "हा इथेही आहे होय?"

मग तिने स्वतःच सांगितलं. साहेब आजारी आहेत. स्मरणशक्ती गेली आहे. कधी कधी बायकोलाही ओळखत नाहीत. पण हा एक डाव विसरत नाहीत. सकाळी उठले की जेवणाच्या टेबलावर हाच मांडतात आणि "काय केलं मी हे, काय केलं" म्हणत दिवसभर त्याच्यासमोर बसतात. ताट पुढे ठेवलं तर बाजूला सारतात. रोडावत चालले आहेत.

"मला खेळातलं काही कळत नाही," ती म्हणाली. "सामन्याला ते मला आत येऊ द्यायचे नाहीत, मी बाहेर बाकावर बसायचे. मला हा एकच डाव ओळखता येतो. म्हटलं, तुम्ही त्यांचे चाहते, तुम्हाला पाठ असतील. त्यांचा जिंकलेला एखादा डाव मला शिकवाल का? ते उठायच्या आत मी तो टेबलावर मांडून ठेवीन. बघू, घास तरी घेतात का."

"एवढंच ना!" चिटणीस पुढे सरसावले. "ज्या डावाने जगज्जेते झाले, तोच मांडतो."

"आधी हे आवरलं तर चालेल?" तिने विचारलं. "घरी मला ह्याला हात लावू देत नाहीत."

कुणी काही म्हणायच्या आत तिने माझ्यावरचा एकेक मोहरा काढून डब्यात ठेवला. आणि तेव्हा सगळ्यांना माझं अंग दिसलं. खिडकीतल्या उन्हाने माझा रंग विटला होता. मोहऱ्यांखाली मात्र तो तसाच गडद राहिला होता. मोहरे निघाले तरी राजा तिथेच, वजीर तिथेच, तो घोडाही तिथेच. तिने पदराने पुसून पाहिलं. डाग गेले नाहीत. तिने दोन्ही हात मागे घेतले आणि खुर्चीवर बसली.

चिटणीस मांडू लागले. वजिराच्या पुढचं प्यादं. मग घोडा. "नाही हो, उंट आधी," वकील पुटपुटले. "उंट नंतर," शिंपीकाका म्हणाले. थोड्याच चालींत सगळेच अडले. माझ्यावर असा गोंधळ झाला की एकाचे दोन्ही उंट हिरव्याच घरांवर उभे! मला तो डाव आठवत होता, चालीनिशी आठवत होता. पण मला तोंड कुठे आहे? वर्षानुवर्षं साहेबांवर तावातावाने बोलणाऱ्या माणसांना साहेबांचा जिंकलेला एक डाव मांडता येईना. हरलेला मात्र कुणीही झोपेत मांडला असता.

तिला चाली कळत नव्हत्या, चेहरे कळत होते. "राहू द्या," ती हळूच म्हणाली आणि पिशवी उचलली.

"वहिनी, थांबा!" शिंपीकाकांनी खिशातून फोन काढला. सगळे डाव तिथे होते. इतकी वर्षं तिथेच होते. कुणी उघडून पाहिले नव्हते, एवढंच. शिंपीकाका स्टुलावर चढले आणि फोनमध्ये बघून एकेक चाल करत गेले. शेवटी हत्ती राजासमोर आला. वकील खाली मान घालून बसले होते. मग तेच उठले आणि म्हणाले, "वहिनी, हा कोपऱ्यातला मोहरा आधी लक्षात ठेवा. त्याच्या पुढे दोन घरं मोकळी." आणि त्यांनी तिला एकेक मोहरा हातात दिला. चुकलं की ती सगळं काढायची आणि पुन्हा मांडायची. ऊन भिंतीवरून उतरेपर्यंत मांडत होती.

पुढच्या रविवारी सगळे लवकर आले. कुणी वाद घातला नाही. दार वाजलं की माना वळत. ती आली, आणि तिने दारातच सांगून टाकलं.

"मांडला. ते उठले, बघत उभे राहिले. ओळखला नाही. खाली बसले, पुष्कळ वेळ बघितलं. मग हत्तीवर बोट ठेवून मला विचारलं, 'कुणी खेळलंय हे? पोरगं मोठं होईल.' मी म्हटलं, होईल की. आधी जेवून घ्या. तर जेवले."

शिंपीकाकांनी टेपच्या टोकाने डोळे पुसले. वकिलांना रडता येईना आणि बघवेना. ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. भिंतीवर मी होतो, माझे डाग घेऊन.

मला नवा रंग द्यायचा, असं चिटणिसांनी ठरवलं होतं. पाटीवाल्याचा मुलगा डबे घेऊन आलाही होता. वकिलांनीच त्याला परत पाठवलं. "राहू द्या तसाच," म्हणाले.

आता दर रविवारी माझ्यावर साहेबांचा वेगळा जिंकलेला डाव मांडतात. ती येते, शिकून जाते. पण मोहरे काढले की जुने डाग दिसतातच. परवा वर्गातल्या एका मुलीने ते निरखून पाहिले आणि वकिलांना विचारलं, "आजोबा, इथे कोण चुकलं?"

"आम्ही," वकील म्हणाले.

मित्रांनो, माझं एवढंच ऐका. मला कोरड्या फडक्याने पुसा, उन्हापासून जपा. आणि घरी जाताना माझ्यावर कुणाचा हरलेला डाव तसाच सोडून जाऊ नका. मोहरे काढून डब्यात ठेवा. मला स्वतःहून ते काढता येत नाहीत.