बसून राहिलेला माणूस

आठ वीस झाले आणि घरात रोजची धांदल सुरू झाली. एक मोजा सापडत नव्हता. कपाळावरचा चष्मा टेबलाखाली शोधला जात होता.

"बाबा, निदान चहा तरी बसून प्या," मुलगी म्हणाली.

"बसायला वेळ कुठाय? उशिरा आल्याचा लाल शेरा दोनदा पडलाय. आज तिसरा पडला की साहेब मेमोच देणार!"

"पण तुम्ही रविवारीसुद्धा उभ्यानेच पिता."

आईने तोंडाला पदर लावला. बाबा तोवर जिन्यात पोचले होते.

नोंदणी कचेरीतल्या या कारकुनाला सगळे भिंगरीराव म्हणत. काम चोख, पण एका जागी बूड टेकवणं म्हणजे शिक्षा! कचेरी नदीच्या पलीकडे. नवा पूल अर्धाच बांधून झालेला, त्यामुळे सगळ्यांची भिस्त पावणेनऊच्या लाँचवर. ती चालवायच्या त्या सगळ्यांच्या मावशी. वीस वर्षं त्यांचा हात सुकाणूवर होता. सोबतीला एक मिशाळ खलाशी. प्रवाशांसाठी प्रत्येक बाकावर नारिंगी लाइफ जॅकेटं ठेवलेली असत आणि प्रवासी ती इमानेइतबारे वापरत: बुडाखाली, उशी म्हणून.

त्या दिवशी नदी भरून वाहत होती. लाँच मध्यावर आली तेव्हा डावीकडे एक छोटी होडी दिसली. रोपांच्या कुंड्यांनी भरलेली. एक बाई दोन्ही हात पसरून वरखाली करत होती. मागे तिचे म्हातारे वडील इंजिनाची दोरी ओढत होते. इंजिन मात्र ढिम्म! आणि होडी वाहत चालली होती थेट पुलाच्या अर्धवट खांबांकडे. त्या खांबांतून गंजक्या सळया बाहेर आलेल्या होत्या.

मावशींनी लाँचचा वेग कमी केला.

"मावशी, थांबू नका हं!" भिंगरीराव ओरडले. "मागून येईल कुणीतरी!"

"पोलिसांना कळवा की," कुणी म्हणालं. दोघातिघांनी मोबाइल काढले, ते मात्र चित्रण करायला.

आपणही असंच म्हणतो, नाही का? कुणीतरी येईल. तो कुणीतरी नेहमी आपल्या मागच्या बोटीत असतो!

मावशी शांतपणे म्हणाल्या, "भिंगरीराव, उद्या ही लाँच बंद पडली, तर तुम्ही हात कुणाला कराल? मागून कधीतरी येणाऱ्याला की समोरून जाणाऱ्याला?"

भिंगरीरावांनी घड्याळाकडे पाहिलं, मग होडीकडे.

मावशींनी बचाव पथकाला फोन लावला, ठिकाण सांगितलं. तिकडून उत्तर आलं, वीस मिनिटं लागतील. होडी आणि खांब यांच्यात दहा मिनिटांचंही अंतर नव्हतं.

"बुडाखालची जॅकेटं अंगात घाला!" मावशींचा आवाज चढला. "सगळे बसून राहा. कुणी उठायचं नाही!"

त्यांनी लाँच होडीच्या पुढे नेली, वळवली आणि प्रवाहाला तोंड देत हळूहळू जवळ आणली. मध्ये दहा-बारा हात पाणी राहिलं. बाईचा चेहरा आता स्पष्ट दिसत होता. ओठ पांढरे पडलेले. तिने हात पुढे केला आणि भिंगरीराव घड्याळ विसरले. मघाशी जायची घाई करणारा हाच माणूस ताडकन उठला आणि कठड्यावर ओणवा झाला.

"द्या हात! घाबरू नका!"

त्यांच्या मागून आणखी पंधरा-वीस जण उठले. लाँच त्या बाजूला कलली. पाणी सपकन आत आलं. कुणाची तरी पिशवी तरंगत गेली.

"खाली बसा!" मावशी कडाडल्या. "सगळे मध्ये बसा!"

आयुष्यात पहिल्यांदा भिंगरीराव सांगितल्याबरोबर बसले. त्यांना पाहून बाकीचेही बसले. लाँच सावरली.

खलाशाने दोर फेकला. चुकला. दोर ओला होऊन परत आला. खांब जवळ येत होता. भिंगरीरावांना राहवेना. उठावं, ओरडावं, काहीतरी करावं! त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःचे गुडघे धरून ठेवले. दोर दुसऱ्यांदा उडाला आणि म्हाताऱ्याच्या खांद्यावर पडला.

"होडीच्या नाकाला बांधा, काका! आणि बांधलात की दोरापासून बाजूला व्हा!" मावशी ओरडल्या. मग खलाशाला म्हणाल्या, "तूही सरक. तुटला तर चाबकासारखा बसेल."

दोर ताणला गेला. लाँच घरघरली. होडी खांबापासून चार हातांवरून वळली! लाँचमधून एकच आरोळी उठली, पण उठलं मात्र कुणीच नाही.

होडीला मागे ओढत लाँच धक्क्याला लागली. उतरताना भिंगरीराव मान खाली घालून म्हणाले, "मावशी, आधी जाऊ म्हणालो, मग मध्येच कडमडलो. माझा उपयोग शून्य."

"तिचा हात धरला असतात, तर दोन बोटींमध्ये तुमचा हात चिरडला असता, नाहीतर तुम्हीच पाण्यात. मग मी कुणाला वाचवायचं? आणि शून्य कसं? नंतर चाळीस माणसं हलली नाहीत, म्हणून माझी लाँच हलली नाही. आणि आधी कोण बसलं?"

म्हातारे काका जवळ आले. त्यांनी भिंगरीरावांच्या हातात एक कुंडी ठेवली.

कचेरीत तिसरा लाल शेरा पडला. मेमोही मिळाला. भिंगरीरावांनी सही केली.

संध्याकाळी मुलीने खिडकीतली कुंडी पाहिली आणि सगळं ऐकून घेतलं. "मग तुम्ही काय केलंत, बाबा?"

"मी? मी बसलो."

"तुम्ही? बसलात?" मायलेकी पोट धरून हसल्या. मग मुलीच्या लक्षात आलं की बाबा चहा घेत होते आणि चक्क खुर्चीत बसून.

मित्रहो, पाण्यावर कुणी अडचणीत दिसलं तर पुढे निघून जाऊ नका. तो हात आपल्यालाच केलेला असतो. पण नुसत्या उमाळ्याने धावूही नका. आधी कळवा, जॅकेट घाला, अंतर राखून दोर फेका. आणि ज्याच्या हाती दोर नाही, त्याने जागेवर बसून राहावं. तीही मदतच आहे, आणि कधीकधी तीच सगळ्यांत अवघड असते.