खुर्चीची जागा

स्टुडिओत तिला सगळे नोंदबाई म्हणत. एका शॉटमध्ये अर्धी जळालेली सिगारेट पुढच्या शॉटमध्ये अख्खी दिसू नये, डावीकडे कललेली टोपी उजवीकडे कलू नये, म्हणून सगळं वहीत टिपून ठेवायचं, हे तिचं काम. अठरा वर्षांत तिच्या नजरेतून साधं बटणही निसटलं नव्हतं आणि याचा तिला चांगलाच तोरा होता.

सध्या चित्रीकरण चाललं होतं ते जुन्या काळातल्या दोन बावळट गुप्तहेरांच्या विनोदी चित्रपटाचं. सगळं कृष्णधवल. लांब ओव्हरकोट, भिंतीवर खिडकीच्या पट्ट्यांच्या सावल्या आणि धूर इतका, की कॅमेरामनच खोकून बेजार. गुप्तहेर झालेले दोघे नट खरोखरचे मेहुणे. किडकिडीत ते दाजी आणि त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ तो जाड्या.

त्या सकाळी तिला दिसलं, गुप्तहेरांच्या कचेरीतली खुर्ची कालच्या जागेवरून वीतभर सरकली आहे. तिने कालचा फोटो पाहून खुर्ची चोख जागेवर ठेवली. शॉट सुरू झाला. जाड्या ऐटीत आत आला आणि खुर्चीला अडखळून धाडकन तोंडावर आपटला. पापणी लवायच्या आत दाजी, "माझ्या आधी पडतोस? मी थोरला आहे!" म्हणत त्याच्यावर कोसळले. सगळा सेट खो खो हसला. दिग्दर्शक ओरडला, "हाच ठेवा!"

नोंदबाई हसली नाही. जाड्याचा हात जमिनीवर टोपीसाठी चाचपडत होता आणि टोपी त्याच्या नाकासमोर होती.

तिने वही मागे उलटली. दाजी कायम अर्धं पाऊल पुढे. दारापाशी टिचकी. 'चार पावलं चाल, पाचव्याला बस, लठ्ठोबा' ही बडबड संहितेत कुठेच नव्हती. अकरा दिवस तिने त्या बडबडीपुढे 'दाजींचा आगाऊपणा' असं लिहिलं होतं. तिच्या डोळ्यांदेखत एक माणूस दुसऱ्याचे डोळे झाला होता आणि तिला पत्ताच नव्हता.

जेवणाच्या सुट्टीत ती मेकअपच्या खोलीत गेली. "दाजी, याला दिसत नाही ना?"

जाड्याच म्हणाला, "उजेड कळतो, बाई. माणसं म्हणजे नुसते डाग. तुम्ही मात्र छान डाग आहात."

"गप रे," दाजी म्हणाले. "बाई, खुर्ची मीच सरकवली होती, त्याच्या पावलांच्या हिशेबाने. निर्मात्याला कळलं तर उद्या दुसरा जाडा उभा करतील. हे त्याचं शेवटचं काम. तेवढं पुरं होऊ द्या."

ती बाहेर पडली. दुपारच्या शॉटसाठी नवा जिना उभा राहिला होता आणि त्यावरून दोघांनी चोरामागे धावत उतरायचं होतं. तिने टेप काढून पायऱ्या मोजल्या. परत येऊन दाजींच्या कानाशी म्हणाली, "चौदा पायऱ्या. नववी दोन बोटं उंच आहे."

दिवे लागले. दाजींनी कठड्यावर बोटांनी ताल धरला आणि जाड्या निघाला. टोपी सावरत, चोराला शिव्या हासडत, दीडशे किलोचा तो देह फुलासारखा खाली आला. नवव्या पायरीवर त्याने चक्क उडी मारली! इतक्या वर्षांत असंख्य शॉट नोंदबाईने पाहिले होते, पण असं काही पाहिलं नव्हतं. डोळे भरून आले ते तिने पुसलेही नाहीत.

टाळ्यांच्या गजरात दिग्दर्शक वळला. "बाई, काही चुकलं?"

चुकलं होतं. आधीच्या शॉटमध्ये दाजींचं पिस्तूल उजव्या हातात होतं. आता ते डाव्या हातात होतं, कारण उजवा कठड्यावर ताल देत होता. हे सांगितलं, की जाड्या पुन्हा जिन्यावर.

"काही नाही," नोंदबाई म्हणाली. "सगळं जागच्या जागी आहे."