कानामागचा टाका

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. शिंप्याची नव्हे आणि न्हाव्याचीही नव्हे. उतरलेले चेहरे वर ओढून देणाऱ्या एका डॉक्टरांची मी कात्री.

चांगल्या पोलादाची, बारीक पात्यांची, टोकाशी किंचित वाकलेली अशी मला घडवली. डॉक्टर कानासमोर चीर घेत आणि पाळीला वळसा घालून ती मागे केसांत लपवत. मग मी कातडीखाली शिरून ती हलकेच सोडवायची. जरा चुकले असते आणि नस तुटली असती, तर त्या माणसाचं अर्धं हसू कायमचं गेलं असतं. आतला सैल थर डॉक्टर टाक्यांनी वर बांधत आणि उरलेली कातडी मी कापत असे. सिस्टरनी चुकून दुसरी कात्री पुढे केली, तर डॉक्टर न बघता म्हणायचे, "ही नाही. माझी द्या." तेव्हा माझा तोरा काही विचारू नका.

पुढे माझी धार गेली. डॉक्टरांनी नवी कात्री आणली आणि माझी रवानगी ड्रेसिंगच्या खोलीत झाली, टाके काढायला. मी मनातून फार खट्टू झाले. पण इथे पेशंट जागे असतात आणि बोलतात.

एकदा सत्तरीच्या एक बाई आल्या. ऑपरेशनला आठवडा झाला होता आणि चेहरा सुजून काळानिळा पडला होता. पर्समधून त्यांनी एका तरुणीचा फोटो काढला.

"ही मीच," त्या सिस्टरना म्हणाल्या. "आमच्या ह्यांना आता काही आठवत नाही. मला मावशी म्हणतात. मावशी, चहा टाका. मावशी, आमची ही अजून कशी आली नाही? दिवसभर दारात उभे असतात, माझीच वाट बघत. आणि मी मागे उभी."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"फोटोतला चेहरा येणार नाही म्हणाले. पण थोडा तरी येईल ना? थोडा पुरेल त्यांना."

सिस्टरचे हात जरा थांबले. त्या बोलण्याच्या नादात कानामागचा एक टाका माझ्याकडून राहून गेला.

तो टाका टोचू लागला म्हणून दीड महिन्याने बाई पुन्हा आल्या. घरी कोणी नसल्यामुळे यजमानांनाही घेऊन आल्या होत्या. सूज उतरली होती. गाल वर गेले होते, गळा नितळ झाला होता. डॉक्टरांचं काम खरंच सुरेख झालं होतं. मी टाका कापला, तेव्हा स्टुलावर बसलेले यजमान हळूच म्हणाले, "सिस्टर, आमच्या मावशींना बोलवता का? या बाईंना मी ओळखत नाही."

"महिनाभर हेच चाललंय," बाई म्हणाल्या. "फोटोतलीही मी नाही आणि मावशीही नाही. परक्या बाईच्या हातचं नको म्हणतात. जेवत नाहीत." मग टाका बघायला आलेल्या डॉक्टरांकडे त्या वळल्या. "होता तसा करून द्या ना परत."

"तसं करता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "आठ-दहा वर्षांत आपोआप उतरेल."

बाईंनी यजमानांकडे पाहिलं. ते ऐंशीच्या पुढचे, अंगावरचा शर्ट सैल झालेला. उठवायला त्यांनी हात पुढे केला, तेव्हा यजमानांनी आपला हात अदबीने मागे घेतला आणि सिस्टरचा धरला.

मित्रांनो, उद्या मी भंगारात जाणार आहे. मला धार लावा, असं मी म्हणत नाही. तुमच्या घरी कोणी असं विसरत चाललं असेल, तर ते ज्या नावाने हाक मारतील त्या नावाला ओ द्या, मग ते नाव तुमचं नसलं तरी चालेल. त्या बाईंना हे सांगायला मला तोंड नव्हतं, आणि आता सांगून उपयोगही नाही. त्या दिवशी जाताना यजमान दारात थांबले आणि सिस्टरना म्हणाले, "मावशी आल्या तर सांगा, मला भूक लागलीय."